मान जरा खाली घ्या

अर्जात एक रकाना होता: अनुभव, वर्षांत.
पलूसच्या झेरॉक्सवाल्याच्या बाकावर
पेन धरून बसले. बारा लिहू, की सव्वीस?
नवऱ्याचा उजवा हात गेला त्या दिवाळीपासून मोजू,
की लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून,
जेव्हा तो वस्तऱ्याला धार लावायचा
आणि चामडी पट्ट्याचं एक टोक मी धरायची?
पट्टा ताणला की अंगठ्याला कळतं
पातं कुठं बोलतंय, कुठं अजून मुकं आहे.

पुरावा लागंल काकी, पोरगा म्हणाला,
दाखला, पगारपत्रक, कायबी.
मी अंगठा पुढं केला.
कात्रीच्या कडीनं पडलेला घट्टा.
ह्याची झेरॉक्स निघत नाय, म्हणाला,
आणि चहा सांगितला.

जुनी खुर्ची मान टाकते, गिऱ्हाईकासकट.
नवीला कर्ज हवं, कर्जाला सर्टिफिकेट,
सर्टिफिकेटला सांगली.

आयटीआयच्या वरच्या मजल्यावर
अठरा जणी, अठरा पांढरे कोट.
माझा कोट पोराच्या लॅबमधला, खिशावर बॉलपेननं:
प्रथमेश शिवदास काशीद, बारावी ब.
समोर अठरा मुंडकी, रबराची, स्क्रूनं आवळलेली.
कुणाच्याच डोक्यात भोवरा नाही,
चिंचेवरून पडल्याची खोक नाही,
कानामागं अर्धी विडी नाही.
मी कंगवा लावला आणि तोंडातून गेलंच:
मान जरा खाली घ्या, दादा.

पोरी हसल्या. परीक्षक मॅडमही हसल्या,
मग पेन उचलून काहीतरी लिहिलं.
गेले मार्क, मी म्हटलं.

तोंडी परीक्षेत:
गिऱ्हाईकाला कापलं तर काय कराल?
आधी ‘काय नाय झालं’ असं म्हणायचं नाही.
मग कापूस, मग तुरटी.
तुरटी पुस्तकात नाही, मॅडम म्हणाल्या.
मी गप्प बसले. खुर्ची हवी होती मला.

त्यांनी विचारलं नाही, म्हणून सांगायचं राहिलं,
की पहिल्यांदा बाईच्या हातात गळा देणारा माणूस
डोळे मिटतो की उघडे ठेवतो.
उघडे ठेवतो. दोन-तीन वर्षं ठेवतो.
मग एका दुपारी घोरायला लागतो.
आणि आमणापूरच्या घाटावर, दहाव्याला,
बाई कशी चालंल म्हणून
सगळे भाऊबंद ओल्या डोक्यानं बसून राहिले,
ऊन टाळूवर आलं, भटजी घड्याळ बघायला लागले,
तेव्हा थोरल्यानं हळूच डोकं पुढं केलं.
त्या दिवशी अकरा डोकी केली.
बोटं थरथरत होती ती फक्त पहिल्याला.
हे कुठल्या रकान्यात बसवायचं?

सात महिन्यांनी कागद आला.
लॅमिनेट केला, खिळा ठोकला.
मोकळी भिंत एकच, खुर्चीच्या पाठीमागची,
त्यामुळं गिऱ्हाईकाला तो आरशात दिसतो,
उलटा. वाडीच्या कारखान्यातून रिटायर झालेले
धोंडीनाना बराच वेळ बघत राहिले.
उर्दूत दिलंय व्हय गं वैजयंता?
शिक्कासुद्धा उलटा, सहीसुद्धा.
माझं नाव शेवटाकडनं सुरू होतं.

शिवदास बाकावर बसतो, त्या कागदाच्या खालीच.
त्याच्याकडं असला कागद कधी नव्हता.
‘शिकवणाऱ्याचं नाव’ असा रकाना नव्हता,
मी दोन्ही बाजू पाहिल्या.

सोमवारी दुकान बंद.
सोमवारी त्याची दाढी, जुन्या वस्तऱ्यानं.
पट्ट्याचं एक टोक तो धरतो, डाव्या हातानं.
मी पातं ओढते, एकदा, दोनदा.
थांब, म्हणतो तो, वाकड्या ओठातून,
अजून मुकं आहे.